ब्याऐंशी किलोचा एम्ब्रेत

आमच्या हेग्गदाल गावात माणसं तशी सरळ. शेजाऱ्याच्या बायकोबद्दल विचारा, करभरणीबद्दल विचारा, खरं ते सांगतील. पण दोन प्रश्न विचारले की भले भले थापा मारायला लागतात. एक, तुझं वजन किती? आणि दुसरा, हिवाळ्यात तू स्कीवर किती वेळा बाहेर पडतोस? पहिला आकडा प्रत्येक जण खाली ओढतो आणि दुसरा वर ढकलतो. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण बावीस वर्षं मी एम्ब्रेतच्या शेजारी उभी राहून वॉफल भाजलेत.

शाळेच्या बँडला कर्णे आणि ढोल घ्यायला पैसे लागतात, म्हणून दर ऑक्टोबरात शाळेच्या व्यायामशाळेत जुना बाजार भरतो. गावातल्या सगळ्या माळ्यांवरचं सामान त्या दोन दिवसांत घर बदलतं. कपबशा एका कोपऱ्यात, पडदे दुसऱ्या कोपऱ्यात आणि भिंतीलगतच्या लाकडी शिड्यांपाशी जुन्या स्कींचा ढीग. त्या ढिगाचा राजा एम्ब्रेत. लाकूडगिरणीत अडतीस वर्षं त्याने करवतींना धार लावली. त्यामुळे कुठलीही लांब वस्तू हातात आली की एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवायची त्याला खोडच लागली आहे. त्याने माझ्या मुलीच्या लग्नात नवऱ्या मुलाकडेही तसंच पाहिलं होतं.

जुनी स्की पाहण्याची त्याची पद्धत ठरलेली. जोडीचे तळ एकमेकांना लावायचे आणि मधली कमान एका हाताने दाबायची. दाबली जाते का, आणि सोडल्यावर उसळून परत येते का, ते बघायचं. ज्या स्कीची कमान गेली तिचा जीव गेला, ती कुंपणाला लावायची. मग तळावरून नख फिरवायचं, कडा सुटल्यात का बघायच्या, शेवटी बूट हातात घेऊन त्याचा तळ मागे वाकवायचा. बुटांच्या बाबतीत तो फार कडक. "स्की पंधरा वर्षांची चालते," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "बूट चालत नाही. बाहेरून नवरदेव दिसतो आणि जंगलात मधोमध त्याचा तळ तुला सोडून जातो. मग ये लंगडत."

एवढं झालं की खरी परीक्षा. स्की सपाट जागेवर ठेवायच्या, वर माणूस उभा करायचा आणि पायाखालच्या जागी कागदाची पट्टी सरकवायची. दोन्ही पायांवर सारखा भार असताना पट्टी सहज सरकली पाहिजे. एका पायावर सगळा भार दिला की ती घट्ट अडकली पाहिजे. अडकली नाही तर स्की त्या माणसाला जास्तच कडक, ती चढावर पकडणार नाही आणि तो मागे घसरत येईल. आणि पट्टी आधीपासूनच अडकली तर स्की फार मऊ, ती उतारावरही पाय ओढत चालेल. म्हणजे सगळा खेळ वजनाचा.

आणि तिथेच तर सगळे थापा मारतात. पूर्वी एम्ब्रेत लोकांच्या सांगण्यावर स्की काढून द्यायचा, आणि जानेवारीत तेच लोक दुकानात, चर्चमध्ये, दातांच्या दवाखान्यात त्याला गाठून शिव्या द्यायचे. शेवटी त्याने एक युक्ती काढली. गिरणीतला पोती तोलायचा जुना काटा त्याने आणला, त्याच्यावर शाळेच्या तळघरातलं एक दार आडवं टाकलं आणि त्यावर सतरंजी पसरली. गिऱ्हाइकाला वाटायचं, स्की ठेवायला सपाट फळी केली आहे. काट्याची तबकडी मात्र बँडच्या मोठ्या ढोलाआड, माझ्या वॉफलच्या टेबलाकडे तोंड करून. दाराचं आणि स्कीचं वजन वजा करायचं आणि एम्ब्रेतला कळवायचं, हे माझं काम. मी तीस वर्षं पोस्टात पार्सलं तोलली आहेत. खरं तर मला काट्याचीही गरज नव्हती, पण एम्ब्रेतला पुरावा लागतो.

कळवायचं कसं, तर वॉफलच्या ऑर्डरी ओरडून. "जॅमवाला एक!" म्हणजे माणूस खरं बोलला. असं मी बावीस वर्षांत चारदा ओरडले असेन. "तपकिरी चीजवाला एक!" म्हणजे सांगितलेल्या आकड्यात दहा किलो मिळव. आणि "जॅम, चीज, वर आंबट साय!" म्हणजे वीस. एकदा आमच्या पाद्रीबाई स्कीवर उभ्या असताना मी जोरात "जॅम, चीज, साय!" असं ओरडले, तर त्या मान वळवून म्हणाल्या, "अगं आस्लाउग, ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं. मलाही तोच दे." एम्ब्रेतला हसू आवरेना, तो बराच वेळ ढिगात तोंड खुपसून स्की शोधत राहिला.

गंमत म्हणजे तो कुणालाही तोंडावर पाडत नसे. "पासष्ट किलो ना? मग तुला हीच," असं म्हणून पंच्याऐंशी किलोची स्की हातात द्यायचा. गिऱ्हाईक खूश, स्कीही खूश. हिवाळ्यात किती वेळा बाहेर पडतोस याच्या उत्तराला तो सरळ चाराने भागायचा. आणि शेवटी एक तिसरा प्रश्न विचारायचा, जो दुसरा कुठलाही स्की विकणारा विचारत नाही: "परत येताना तुझी अवस्था कशी असते?" त्याचं म्हणणं, घरातून निघताना प्रत्येक जण विजेता असतो. स्की घ्यायची ती संध्याकाळी परत येणाऱ्या माणसाला बेतलेली. जो "दमतो बाबा, फार दमतो" म्हणेल त्याला तो सगळ्यात चांगली जोडी काढून द्यायचा.

इतका शहाणा माणूस, पण स्वतःच्या बाबतीत ठार आंधळा.

त्या कोपऱ्यात शिडीवर एक लाल जोडी दर वर्षी टांगलेली असे. विकायची नाही, नुसती मिरवायची. एकोणऐंशी साली जिल्ह्याच्या शर्यतीत एम्ब्रेत याच स्कींवर अकरावा आला होता. तो दहावा सांगतो, कारण त्याच्या मते पुढच्या एकाने वळण कापलं होतं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि ब्याऐंशी किलोंचा, सगळी ताकदच. आता तो एकाहत्तरचा आहे, आणि कुणी विचारलं तर अजूनही ब्याऐंशीच सांगतो. हेग्गदालमध्ये वजन वाढवून सांगणारा तेवढा एकटाच. चार वर्षांपूर्वी त्याची बायको इंगरी गेली. तेव्हापासून तो ओट्याशी उभा राहून पावाचा तुकडा खातो, वर कॉफी पितो आणि त्याला जेवण म्हणतो. दर ऑक्टोबरात तो व्यायामशाळेच्या दारातून आत आला की मला दिसायचं, गेल्या वर्षीपेक्षा कमी. मी पार्सलं तोललेली बाई आहे. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी वॉफल पुढे करते. तो म्हणायचा, "नंतर." नंतर कधीच नाही.

आता त्याच्या झोपडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं अडलं ते तिथे. वर डोंगरात, घोडीची चढण म्हणतात त्या उताराच्या माथ्यावर, त्याच्या वडिलांनी बांधलेली लाकडी झोपडी आहे. वीज नाही, नळ नाही, चूल आहे आणि चार बिछाने. म्हाताऱ्याने मरताना एक कायदा घालून ठेवला: ईस्टरच्या शनिवारी जो घोडीच्या चढणीवरून, पायातली स्की न काढता, दारापर्यंत येईल त्याच्याकडे वर्षभर किल्ली. पहिला मान थोरल्याचा. थोरल्याला जमलं नाही की धाकट्याची पाळी. आणि ज्याच्याकडे किल्ली, झोपडीत त्याचाच शब्द चालणार. हा थोरला म्हणजे एम्ब्रेत. धाकटा बिर्गर. तो द्रामेन शहरात न्हाणीघराचं सामान विकतो, आणि त्या झोपडीत वीज आणून अंगणात गरम पाण्याचा मोठा टब बसवायचं स्वप्न गेली दहा वर्षं बघतो. "चांदण्याखाली गरम पाण्यात बसायचं, एम्ब्रेत!" असं तो म्हणाला की एम्ब्रेत म्हणतो, "मी मेल्यावर उकड स्वतःला."

माझी झोपडी चढणीसमोर, सपाटीच्या अलीकडच्या टोकाला आहे. माझ्याकडे दुर्बीण आहे. ती पक्षी बघायला घेतली होती, पण डोंगरात पक्षी कमी आणि शेजारी जास्त. गेल्या वर्षीच्या ईस्टरला मी ओसरीत संत्रं सोलत बसले होते आणि एम्ब्रेत त्या लाल स्कींवर चढण चढत होता. अर्ध्यावर गेला आणि मागे घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. चारदा. पाचव्यांदा त्याने आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली (मी दुर्बीण खाली घेतली, तेवढी लाज मला आहे) आणि स्की काढून खांद्यावर टाकल्या. मांडीपर्यंत बर्फात रुतत तो वर गेला. वर भिंतीशी उन्हात बिर्गर बसला होता. त्याने सगळं पाहिलं. जेवताना तो एवढंच म्हणाला, "या वर्षी माझे डोळे उन्हाने दिपले होते. पुढच्या वर्षी काळा चष्मा आणेन." आणि किल्ली एम्ब्रेतकडेच राहू दिली. मंगळवारपर्यंत ते अख्ख्या खोऱ्याला माहीत झालं. कुणामुळे, ते विचारू नका.

एम्ब्रेत सांगत फिरला की स्कीच्या तळाला पकडीसाठी लावायचं मेण चुकलं होतं.

मग आला ऑक्टोबर आणि बाजाराचा दुसरा दिवस. दुपारी प्रेबेन आला. प्रेबेन आमचा दातांचा डॉक्टर, डेन्मार्कचा. बिचाऱ्याच्या देशात डोंगर नाहीत. आमच्या शाळेमागचा खताचा ढीग तिकडे नेला तर लोक तिकीट काढून बघायला येतील. तीन वर्षं त्याने आमची टिंगल सोसली आणि आता त्याला स्की हवी होती.

एम्ब्रेतने नेहमीसारखं विचारलं, "वजन?"

"चौऱ्याण्णव," प्रेबेन म्हणाला. "सकाळचं. आता तुझ्या शेजारणीचे दोन वॉफल धर."

मी तबकडी पाहून वजाबाकी केली. चौऱ्याण्णव आणि वर थोडं. माझ्या हातातला पळा तसाच राहिला. पुरुषाच्या तोंडून असला आकडा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हिवाळ्यात किती वेळा?"

"दोनदा. एकदा गाडीतून उतरतानाच पडलो, ते धरलं तर."

"आणि परत येताना?"

"बुडावर."

एम्ब्रेतला असला प्रामाणिकपणा झेपेना. त्याने मान खाजवली आणि एक बारा वर्षांची, रुंद, मऊसर जोडी काढली. तळाला माशासारखे खवले असलेली, म्हणजे मेणाची कटकट नाही. स्वतः एम्ब्रेत असल्या स्कींना स्की म्हणत नाही, 'सपाता' म्हणतो. पण प्रेबेनचं लक्ष वर शिडीकडे होतं.

"मला ती लाल दे."

"ती विकायची नाही."

"का? जुनी तर आहे."

"ती खेळण्यातली वस्तू नाही, डॅनिश माणसा. ती दाबायला माणूस लागतो. तुझ्यासारखा रविवारी पोट हलवायला निघालेला नाही. थांब, दाखवतोच." आणि बावीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते एम्ब्रेतने केलं. लाल जोडी शिडीवरून उतरवून त्याने सतरंजीवर ठेवली आणि स्वतः वर उभा राहिला. "हं, घाल कागद. दोन्ही पाय. सरकला? आता बघ. एक पाय. सगळा भार. ओढ! ओढ ना, जोर लाव. निघणार नाही."

प्रेबेनने दोन बोटांनी पट्टी धरली आणि ती लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली.

"निघाली की," प्रेबेन म्हणाला. त्याच्या मनात काहीच पाप नव्हतं. "म्हणजे ही तुलाही कडकच होते?"

पडद्यांच्या कोपऱ्यातल्या बायकांनी माना वळवल्या. एम्ब्रेतने सवयीने माझ्याकडे पाहिलं. ढोलाआड काटा, दार आणि स्की वजा जाता, सहासष्टावर होता. आमच्या सांकेतिक भाषेत कमी वजनाला शब्दच नव्हता, कारण त्याची कधी गरजच पडली नव्हती. मी गप्प बसू शकले असते. पण मला त्या चढणीवरचा चारदा घसरलेला माणूस आठवला, ओट्याशी उभं राहून खाल्लेले पाव आठवले, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

"साधा वॉफल एक!" मी ओरडले. "वर काहीही नाही!"

त्याला कळलं. त्याचा चेहरा त्या स्कींसारखा लाल झाला. तो खाली उतरला, "दार वाकडं झालंय," असं म्हणाला, लाल जोडी काखेत मारली आणि बाजार उठायच्या दोन तास आधी घरी निघून गेला. उरलेल्या स्की मी विकल्या. प्रेबेनला त्याच्या खवलेवाल्या सपाता दिल्या. डिसेंबरात तो गोठलेल्या तळ्यावर रोज दिसायचा, पडायचा, हसायचा, पुन्हा उठायचा.

एम्ब्रेत माझ्याशी बोलेना. रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूला जायचा, आणि आमच्या रस्त्याला पलीकडची बाजू नाही, तिथे खड्डा आहे. दुकानात मी दुधाच्या कपाटापाशी असले की तो खिळ्यांच्या कप्प्यापाशी थांबायचा. नाताळला मी डबा भरून बिस्किटं पाठवली. डबा परत आला, रिकामा आणि घासलेला, पण सोबत चिठ्ठी नाही. निदान खाल्ली तरी, असं म्हणून मी समाधान मानलं. मला तो हवा होता हे मी इथे सांगून टाकते. म्हणजे लग्नाबिग्नासाठी नाही, देवा, या वयात दुसऱ्याचे मोजे कोण धुणार. पण ज्याच्यासोबत बसून गावाची टिंगल करावी असा तो एकच माणूस गावात उरला आहे.

फेब्रुवारीत एका दुपारी दार वाजलं. एम्ब्रेत. टोपी हातात, नजर माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे.

"ती निळसर जोडी विकली गेली का?" तो म्हणाला. "ग्रंथालयातल्या बाईंची. त्या स्पेनला गेल्या त्यांची."

"फुलंवाली?"

"फुलं आहेत का? माझं लक्ष नव्हतं."

"टोकाशी पांढरी फुलं आहेत, एम्ब्रेत. तूच म्हणाला होतास, ही जोडी घालून माणसाने जंगलात जाऊ नये, हरणं हसतील."

"एक गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "त्याला दाखवायची आहे."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पायात करकरीत नवे स्कीचे बूट. दुकानाची चिठ्ठी अजून डाव्या बुटाला लोंबत होती. मी ओठ चावले आणि त्याला आत घेतलं. जोडी माझ्या कोठारात होती. बाजारातून मी ती उचलून आणली होती. का, ते मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात आणून मी ती टेबलावर ठेवली आणि बावीस वर्षं जे बघितलं होतं ते सगळं त्याच्यासमोर करायला लागले. तळ एकमेकांना लावले, कमान दाबली. दाबली गेली आणि उसळून परत आली.

"जीव आहे," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला.

तळावरून नख फिरवलं. खवले मधोमध थोडे झिजलेले, पण धार होती. कडा बंद. बूट अडकवायची कडी नव्या पद्धतीची, त्याच्या पायातल्या बुटांना चालणारी, पण त्या बुटांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. बाई हिवाळ्यातून तीन रविवार जायच्या आणि परत येऊन स्की पुसून ठेवायच्या. "तेरा वर्षांची आहे," मी म्हणाले. "शर्यतीला निकामी. पण रविवारच्या माणसाला अजून दहा वर्षं मरण नाही. आता गिऱ्हाइकाचं सांग. वजन?"

तो घड्याळाकडे बघत राहिला.

"सहासष्ट," तो म्हणाला. "नाताळची बिस्किटं धरून सदुसष्ट."

"हिवाळ्यात किती वेळा?"

"चार. हवा बरी असेल तर पाच."

"आणि कागदाचं काय करायचं? गिऱ्हाईक तर इथे नाही."

"मी उभा राहतो," एम्ब्रेत म्हणाला. "साधारण माझ्याच बांध्याचा आहे."

मी वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि गुडघ्यांवर बसले. माझे गुडघे कुरकुरले, त्याने हात पुढे केला, मी तो झिडकारला. दोन्ही पायांवर कागद सरळ सरकला. मग त्याने उजव्या पायावर भार घेतला आणि मी ओढला. कागद अडकला. जोर लावून ओढला तेव्हा फाटून अर्धा माझ्या हातात आला. आम्ही दोघंही त्या तुकड्याकडे बघत राहिलो.

"शेवटचा प्रश्न," मी खाली बसूनच विचारलं. "परत येताना त्याची अवस्था कशी असते?"

तो टेबलाला टेकला. मग म्हणाला, "दमलेला असतो. फार दमलेला, आस्लाउग. गेल्या ईस्टरला चौथ्यांदा घसरलो तेव्हा वाटलं, इथेच बसून राहावं. कुणी येऊन न्यावं किंवा न न्यावं."

मी उठले. बटाटे उकडायला ठेवले आणि चार अंडी फोडली. त्याने सगळं खाल्लं, बसून. जाताना दारात म्हणाला, "गिऱ्हाइकाला फुलं खरवडून काढायची असतील तर?"

"तर कमान बिघडेल म्हणावं," मी म्हणाले. ती साफ थाप होती, आणि ते त्यालाही माहीत होतं.

ईस्टरच्या शनिवारी ऊन पडलं होतं, रात्रीचं गोठलेलं बर्फ वरून थोडं सैल झालं होतं. एम्ब्रेत माझ्या ओसरीपाशी आला तेव्हा मीही स्की बांधून तयार होते. "साक्षीदार लागेल," मी म्हणाले. त्याने नको म्हटलं नाही. आम्ही निघालो. सपाटीवर मी दोनदा त्याला गाठलं, आणि मी गाठलेलं एम्ब्रेतला चालतंय यावर माझा विश्वास बसेना. तो सावकाश चालत होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो मध्येच थांबून संत्रं खाऊ या म्हणाला.

घोडीच्या चढणीच्या तोंडाशी आल्यावर वर पाहिलं तर भिंतीशी बिर्गर उभा. काळा चष्मा लावून. बसलेला नव्हता, उभा होता.

एम्ब्रेतने पहिलं पाऊल टाकलं आणि भार दिला. खवल्यांनी बर्फ धरलं. दुसरं पाऊल. अर्ध्यावर, जिथे गेल्या वर्षी घसरला तिथे, त्याचा डावा पाय सटकला. तो काठीवर टेकला. त्याची पाठ वरखाली होत होती. मग त्याने पायाची टोकं थोडी बाहेर वळवली, प्रेबेन तळ्यावर वळवतो तशी, नवशिक्यासारखी, आणि बदकासारखा फताडे पाय टाकत, लाज सोडून, एक एक पाऊल वर गेला. मी मागोमाग. मला वाटेत किती श्वास घ्यावे लागले ते कुणी मोजू नये.

दारापाशी तो काठ्यांवर ओणवा होऊन उभा राहिला. स्की पायातच. बिर्गर पुढे आला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खाली वाकून बघितलं.

"ही बायकांची स्की आहे," तो म्हणाला. "फुलं आहेत तिच्यावर!"

"बायकांची नाही," एम्ब्रेत धापा टाकत म्हणाला. "सहासष्ट किलोच्या माणसाची आहे. चार रविवार जाणाऱ्या."

बिर्गर सरळ उभा राहिला. भाऊ इतकं खरं बोलल्यावर थट्टा कुठून करणार? एम्ब्रेतने खिशातून किल्ली काढली, पण हातमोज्यातल्या बोटांनी ती कुलपाला लागेना. मी मदतीला जाणार होते, बिर्गरने मला डोळ्यांनी थांबवलं. तिसऱ्या खेपेला लागली. दार उघडलं, आतून वर्षभराच्या गारठ्याचा आणि जुन्या धुराचा वास आला.

तेव्हाच मला भिंतीच्या कोपऱ्याआड ती घसरगाडी दिसली. लांब, नवी कोरी, आत मेंढीचं कातडं अंथरलेलं, उशी ठेवलेली, आणि ओढायला दोन माणसांचा जाड दोर. जखमी माणसाला डोंगरातून आणतात तसली. एम्ब्रेतलाही ती दिसली.

"ती कशाला?" त्याने विचारलं.

बिर्गर पायांनी बर्फ उकरायला लागला. धाकटा झाला तरी त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पण कान लाल झाले. "लाकडं आणायला," तो म्हणाला.

"उशीवर?"

"लाकडं आणायला," बिर्गर पुन्हा म्हणाला, आणि त्याने चष्मा परत डोळ्यांवर ओढला.

एम्ब्रेतने भावाकडे पाहिलं. एक डोळा न मिटता, दोन्ही डोळ्यांनी. मग त्याने हातमोजा काढून नाक पुसलं.

"मग उभा काय राहिलास?" तो म्हणाला. "आण लाकडं. आत गारठा आहे."